चार सिलिंडरची इमारत : उद्योगाची कारागिरी वास्तूत उतरते ती कुठे?

इसारकाठ

म्युनिकच्या उत्तरेला, ऑलिंपिक पार्कच्या समोर, बीएमडब्ल्यूचं मुख्यालय आहे. एकमेकांना बिलगून उभे असलेले चार गोल मनोरे, उंची साधारण १०० मीटर. इथले लोक त्याला 'चार सिलिंडर' म्हणूनच ओळखतात. कंपनीच्या नावातच 'मोटोरेन', म्हणजे इंजिनं, आहे आणि तिची सुरुवात विमानाच्या इंजिनांपासून झाली, त्यामुळे मुख्यालयाला इंजिनाचा आकार असणं सगळ्यांना पटतं. पर्यटक येतात, फोटो काढतात, "अरे हो, सिलिंडर!" म्हणतात आणि पुढे जातात.

माझं इंजिन डिझाइनचं काम चिंचवडला सुरू झालं आणि आता ते इथे चालू आहे. रोज या इमारतीवरून जाते, आणि मला वाटतं की आकाराकडे बघून पुढे जाणाऱ्यांची खरी गोष्ट बघायची राहून जाते. ती गोष्ट आहे ही इमारत बांधली कशी याची.

ऑस्ट्रियाचे वास्तुविशारद कार्ल श्वान्झर यांनी ती रचली. १९७२ च्या ऑलिंपिकच्या वेळी ती बाहेरून उभी होती, उद्घाटन मे १९७३ मध्ये झालं. आधी मधला काँक्रीटचा गाभा उभारला. लिफ्ट, जिने, पाइप सगळं त्याच्या पोटात. गाभ्याच्या डोक्यावर क्रॉसच्या आकाराचे भक्कम हात बाहेर काढले आणि चारही सिलिंडर त्या हातांना वरून टांगले. टांगले हा शब्द शब्दशः घ्या. पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की सिलिंडर जमिनीला टेकलेले नाहीत हे स्पष्ट दिसतं. मजले जमिनीवर जोडले आणि तयार झाले की हायड्रॉलिक जॅकनी वर उचलले. म्हणजे सर्वांत वरचे मजले आधी, खालचे नंतर.

ज्यांनी असेंब्ली लाइन पाहिली आहे त्यांना यातली मौज लगेच कळेल. लाइनवर माणूस कामाच्या मागे धावत नाही, काम माणसाकडे येतं. इंजिन टांगलेलं येतं, सोयीच्या उंचीवर थांबतं, तुमचा भाग तुम्ही बसवता, ते पुढे सरकतं. इथेही जोडणीचं काम खाली, हाताशी राहिलं आणि झालेला माल वर गेला. गाडी जशी बनवतात तशीच इमारत बनवली. माझ्या दृष्टीने हिचं खरं प्रतीक इथे आहे. चार गोल आकार त्याच्यावरची सही म्हणा हवं तर.

शेजारी श्वान्झर यांच्याच हातचं वस्तुसंग्रहालय आहे, खाली सुमारे २० मीटर आणि वर सुमारे ४० मीटर व्यासाचा उघडा वाडगा. आत रस्ता गोल फिरत वर चढत जातो. गाड्या बघायच्या तर रस्त्यानेच जावं, हा विचार मला फार आवडतो. रस्त्यापलीकडची २००७ ची 'बीएमडब्ल्यू वेल्ट' मात्र मनात ठसली नाही. तिचा पिळलेला काचेचा शंकू बघायला जोरदार आहे, पण तो गाड्यांऐवजी विमानतळाचा असता तरी चालला असता.

तर लोकहो, तुम्हाला अशा आणखी वास्तू माहीत आहेत का? धंद्याच्या वस्तूचा आकार घेतलेल्या नकोत. त्या धंद्यातली *कृती* जिच्या बांधणीत उतरली आहे अशा.

---

होनिंगवाला

ताई, लेख झकास. भोसरीत आमचं सिलिंडर लायनर आणि ब्लॉकचं मशिनिंग आहे, म्हणून दोन शब्द.

सिलिंडर बाहेरून कसा दिसतो याला आमच्या धंद्यात काडीची किंमत नाही. बाहेरून ते बिडाचं नाहीतर ॲल्युमिनियमचं ओतीव काम. कारागिरी सगळी आतल्या भिंतीवर. बोअर मारल्यावर, म्हणजे आतलं गोल भोक कोरल्यावर, होनिंग करतो, म्हणजे दगडांनी भिंत घासतो, तेव्हा ते दगड फिरता फिरता वरखाली होतात आणि भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटते. ती जाळी तेल धरून ठेवते. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर तेल टिकत नाही आणि इंजिन पकडतं. कोन चुकला तरी इंजिन तेल पितं. मायक्रॉनचा खेळ आहे. गाडीच्या मालकाला ही जाळी आयुष्यात कधी दिसत नाही.

त्यामुळे बाहेरून गोल मनोरे बघून आमच्या कामाचा मान झाला असं मला वाटत नाही. पण तुम्ही टांगण्याचं जे लिहिलंत ते वाचून इमारतीबद्दल आदर वाढला. एक विचारतो, बाहेरचा चकाकणारा पत्रा कसला आहे?

---

इसारकाठ

पत्रा नाही तो! ओतीव ॲल्युमिनियमचे तयार भाग आहेत, साच्यातून काढलेले. जवळून पाहिलं तर प्रत्येक भागाला खोली आणि उठाव आहे.

होनिंगच्या जाळीचा मुद्दा मोठा आहे. ज्या कारागिरीचा वास्तूत गौरव करायचा ती बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला न दिसणारी असते. मग ती दाखवायची कशी, हा खरा प्रश्न.

---

होनिंगवाला

ओतकाम असेल तर मग आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांचा नमस्कार घ्या. इंजिन जन्माला येतं ते साच्यातच. आकारापेक्षा ही जोडणी मला जास्त खरी वाटते.

---

रेघोट्या

मी वास्तुविशारद, शिक्षण जे. जे.चं. या वादाला आमच्यात एक जुनं नाव आहे : बदक.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९३१ मध्ये बदकं पाळणाऱ्या एका शेतकऱ्याने बदकाच्याच आकाराचं दुकान बांधलं. आत बदकं आणि अंडी विकायची. डोळ्यांच्या जागी फोर्ड मॉडेल टी गाडीचे मागचे दिवे. पुढे रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन या अमेरिकेतल्या वास्तुविशारदांनी, जी इमारत स्वतःच चिन्ह होऊन बसते, तिला 'बदक' म्हणायला सुरुवात केली. साध्या इमारतीवर पाटी किंवा नक्षी लावून काम भागवलं तर ती 'सजवलेली शेड'. आपले मॉल बहुतेक दुसऱ्या जातीचे.

बदकाचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, न्यूअर्क गावी. लाँगाबर्गर ही हाताने विणलेल्या लाकडी टोपल्यांची कंपनी. तिचे संस्थापक डेव्ह लाँगाबर्गर यांनी १९९७ मध्ये मुख्यालय बांधलं ते त्यांच्याच एका टोपलीच्या हुबेहूब आकाराचं, मूळ टोपलीच्या १६० पट मोठं. सात मजली टोपली, वर दोन प्रचंड कड्या. हिवाळ्यात कड्यांवर बर्फ साचून तो खालच्या काचेच्या छतावर पडू नये म्हणून त्या गरम ठेवायची सोय केली. कंपनीला उतरती कळा लागली, २०१६ मध्ये लोक इमारत सोडून गेले आणि २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. टोपली अजून तिथेच आहे.

आता माझं मत. टोपली उभी राहते ती विणीमुळे. एक पट्टी वरून, पुढची खालून, प्रत्येक पट्टी शेजारणीला दाबून धरते, खिळा लागत नाही. न्यूअर्कच्या इमारतीत विणीचं हे काम कोणीच करत नाही. विणीचं फक्त चित्र आहे. म्हणून ती बघून हसू येतं आणि दोन मिनिटांत संपतं. इसारकाठ, तुमच्या चार सिलिंडरचा आकार उद्या झाकला तरी टांगणी उरेल. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

---

कोरा_कागद

टोपलीवर मी थोडा वेगळा विचार मांडतो. हाताने टोपल्या विणणाऱ्या माणसांच्या गावात आपली टोपली सात मजले उंच उभी राहते याचा त्या माणसांना काय आनंद झाला असेल! काचेचा चौकोनी ठोकळा बांधला असता तर कुठल्याही विमा कंपनीचा वाटला असता. वास्तुशास्त्राच्या कसोटीवर ती उतरत नसेल, पण विणणाऱ्याला आपलं काम एवढं मोठं झालेलं दिसणं ही लहान गोष्ट नाही.

दुसरा प्रश्न इसारकाठ यांना. गोल खोल्यांत टेबल-खुर्च्या कशा बसतात? आतल्या माणसाला काय सुख?

---

इसारकाठ

चांगला प्रश्न, आणि गंमत म्हणजे तो तेव्हा संचालक मंडळालाही पडला होता. चार पाकळ्यांच्या मजल्यावर लांबलचक बोळ नसतो. मधल्या गाभ्यातून बाहेर आलं की चारही बाजूंना सारखंच अंतर, त्यामुळे उठून दुसऱ्या गटाकडे जाणं सोपं. श्वान्झर यांचा भर यावर होता. पण कागदावर हे पटेना, म्हणून म्युनिकच्या बव्हेरिया फिल्म स्टुडिओत त्यांनी मजल्याचा खऱ्या मापाचा नमुना फर्निचरसकट उभा करून दाखवला.

मोटार उद्योगात वावरणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. आम्ही सहसा कुठलीही गाडी पूर्ण मापाच्या मॉडेलशिवाय मंजूर करत नाही. त्यात बसून बघतो, दार उघडून बघतो, मग टूलिंगचे, म्हणजे साचे-हत्यारांचे, पैसे सुटतात. त्यांनी इमारतीची तशीच चाचणी दिली.

---

टिकटिक

घड्याळवाल्यांची हजेरी लागायलाच हवी. स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्सच्या हद्दीलगत वाले द जू नावाचं खोरं आहे. तिथल्या ल ब्रासू गावात ओडेमार पिगे या घड्याळ कंपनीने २०२० मध्ये संग्रहालय उघडलं. रचना डेन्मार्कच्या 'बिग' या कार्यालयाची. वरून पाहिलं तर हिरवळीतून उगवलेली, गवताचंच छप्पर असलेली दुहेरी सर्पिल. चावी दिलेल्या घड्याळातली कमान, म्हणजे गुंडाळलेली स्प्रिंग, डोळ्यांसमोर येते.

इथवर ऐकून रेघोट्या म्हणतील, बदक! पण थांबा. त्या छपराचं वजन ४७० टन आहे आणि ते पूर्ण काचेवर उभं आहे. आत एकही खांब नाही. १०८ वक्र काचा आणि त्याच भिंती, त्याच आधार. काच वळवली आहे म्हणून ती हे करू शकते. सपाट काच एवढ्या वजनाखाली बाजूला वाकून फुटली असती. कमानीतही तेच असतं. पट्टी गुंडाळली म्हणून तिच्यात जोर साठतो, सरळ ठेवली तर ती नुसती पोलादाची पट्टी.

काचांवर बाहेरून पितळी जाळी आहे, उन्हाचा ताप आणि झळाळी आवरायला. पितळच का, हे घड्याळजीला सांगावं लागत नाही. चक्रं आणि यंत्र बसवायच्या पट्ट्या सहसा पितळेच्याच असतात. फिरत फिरत मध्यभागी पोचलं की सर्वांत गुंतागुंतीची घड्याळं ठेवली आहेत, आणि त्याच इमारतीत कारागीर कामाला बसलेले दिसतात. त्या खोऱ्यात शेतकरी हिवाळ्यात बर्फ पडला की खिडकीशी बाक लावून घड्याळाचे भाग करायचे, धंदा तिथूनच उभा राहिला. खिडकीचा उजेड आणि माणसाचं बोट यांचं नातं या काचेच्या भिंतीत मला दिसतं. माझ्या पाहण्यातली या विषयावरची सर्वांत प्रामाणिक इमारत ही.

---

द्राक्षमळा

निफाडहून लिहितोय. द्राक्षांचा विषय आल्याशिवाय धागा पुरा कसा होणार!

फ्रान्समध्ये बोर्दो शहरात गारोन नदीच्या काठी २०१६ मध्ये 'सिते दु व्हां' हे वाइनचं संग्रहालय उघडलं. ५५ मीटर उंच, सोनेरी-रुपेरी, वळत वर गेलेलं. पेल्यात वाइन घोळवल्यावर ती फिरते तो आकार, वेलीच्या जुन्या खोडाचा पीळ आणि नदीतले भोवरे, असे तीन अर्थ एकाच आकाराला जोडलेले आहेत. बघायला देखणी आहे यात वाद नाही. पण तीन अर्थ लागतात तिथे एकही घट्ट बसलेला नाही, असं माझं मत.

याउलट कॅलिफोर्नियात नापा खोऱ्यात यौंटव्हिल इथे 'डॉमिनस' ही वायनरी आहे, १९९० च्या दशकाच्या अखेरची, स्विस वास्तुविशारद हर्झोग आणि द म्यूरॉन यांची. लांबट, ठेंगणी, द्राक्षाच्या ओळींत मिसळून गेलेली. भिंती म्हणजे लोखंडी जाळीच्या पेट्यांत भरलेले तिथलेच बसाल्टचे दगड. ना पेला, ना वेल, ना घोस. पण वाइनला हवं असतं काय? तापमान हलू नये. नापात दुपारी ऊन कडक आणि रात्री गारठा. जाड दगडी भिंत दिवसाची उष्णता आत पोचू देत नाही आणि रात्रीचा गारवा धरून ठेवते. दगडांच्या फटींतून उजेड झिरपतो तो वेगळाच. जिथे पिंपं आहेत तिथे दगड घट्ट, जिथे माणसं वावरतात तिथे मोकळे. वाइनची गरज ओळखून भिंत रचली आहे.

आपल्याकडे बसाल्टला तोटा नाही आणि जाळीतले दगड आपण ओढ्यांवर गॅबियन बंधारे बांधायला वर्षानुवर्षं वापरतोय. गावातला कुठलाही मजूर ती जाळी भरू शकतो. नाशिक भागात वायनरी बांधणाऱ्यांनी टस्कनीच्या कमानी उभारण्याआधी हा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

---

दूधगंगा

सगळे परदेशात फिरताहेत, मी मेहसाण्याला नेतो. मी कोल्हापूरचा, डेअरी टेक्नॉलॉजीवाला, नोकरीची सुरुवात उत्तर गुजरातेत झाली. तिथे दूधसागर डेअरीची मूळ इमारत पहिल्यांदा बघितली तेव्हा ही डेअरी आहे यावर विश्वास बसला नव्हता. उघड्या काँक्रीटचे थर आणि छपरावर ओळीने उभे असलेले हवेचे उंच शाफ्ट. सपाट माळावर लांबून एखाद्या किल्ल्याच्या बुरुजांची आठवण व्हावी.

ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची, अच्युत कानविंदे यांची. मराठी वाचकांनी हे नाव ठळक लक्षात ठेवावं. जन्म १९१६, गाव आचरे, आताचा सिंधुदुर्ग जिल्हा. शिक्षण जे. जे.मध्ये, मग सरकारने हार्वर्डला पाठवलं, तिथे नामवंत वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले. कानपूरचं आयआयटी, वरळीचं नेहरू सायन्स सेंटर त्यांचंच. आणंदचं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं कार्यालयसुद्धा.

आता मेहसाण्याच्या इमारतीत काय आहे ते सांगतो. दूध हा नाजूक माल. टँकर आला की मोजणी, तपासणी, मग लगेच थंड करायचं. पाश्चरायझेशनला ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद आणि पुन्हा ४ अंशांपर्यंत खाली. प्रत्येक टप्प्यावर दूध एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायचं असतं. पंप लावला की वीज लागते, आणि पंपाने दूध फार घुसळलं तर त्यातल्या चरबीचे कण फुटतात. कानविंदेंनी टप्पे एकावर एक रचले. दूध वर घ्यायचं आणि जमेल तिथे ते स्वतःच्या वजनाने खाली उतरू द्यायचं. इमारतीचे थर म्हणजे दुधाच्या प्रवासाचे थर.

आणि ते शाफ्ट? डेअरीत वाफ आणि उष्णता यांचा मारा असतो. बॉयलरची वाफ, भांडी धुण्याचं गरम पाणी, त्यात मेहसाण्याचा उन्हाळा. गरम हवा आपोआप वर जाते, तिला जायला उंच वाट दिली की आत काम करणाऱ्याचा जीव वाचतो. त्या वाटाच इमारतीची ओळख झाल्या. शोभेसाठी एकही काढलेली नाही.

गाईचं तोंड नाही, दुधाचा थेंब नाही, बाटलीचा आकार नाही. तरी बघणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी मोठं आणि गंभीर चाललं आहे. माझ्यासाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. सकाळी गावच्या सोसायटीत एखादी बाई दोन-चार लिटर दूध घालते. त्या दोन लिटरसाठी देशातल्या पहिल्या रांगेतल्या वास्तुविशारदाने एवढा विचार करून घर बांधलं. तिच्या दुधाला मान मिळाला. सहकाराच्या नावाने आपल्याकडे पुतळे पुष्कळ झाले. मला त्या सगळ्यांपेक्षा ही इमारत मोठी वाटते.

---

रेघोट्या

दूधगंगा, उभं राहून दाद! कानविंदेंवर एवढ्या आतून लिहिलेलं मराठीत क्वचित वाचायला मिळतं. कोरा_कागद यांनी विचारलेल्या आतल्या माणसाच्या सुखाचं उत्तरही त्या शाफ्टांत आहे.

गुजरातेत आहोत तर अहमदाबादलाही थांबू. साबरमतीच्या काठावर गिरणीमालक संघाचं कार्यालय नामवंत वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी १९५४ मध्ये पुरं केलं. रस्त्याची बाजू पश्चिमेला, तिकडे तिरके काँक्रीटचे पडदे, दुपारचं ऊन अडवायला. नदीची बाजू पूर्वेला, तिकडचे पडदे सरळ, म्हणजे नजर आणि वारा आरपार. ही बाजू मोकळी ठेवण्यामागे एक कारण होतं. खाली नदीच्या वाळवंटात रंगारी आणि धोबी कापड धुऊन वाळत घालत. गिरणीमालक सभेला बसले की समोर ते दिसावं, ही कॉर्ब्युझिएंची कल्पना होती. इमारतीवर सुताचा धागासुद्धा कोरलेला नाही. तिने धंद्याचा आकार घेतला नाही, धंद्याकडे तोंड केलं. आज नदीकाठ बांधून काढल्यामुळे ते वाळवंट राहिलेलं नाही, आणि त्या मोकळ्या बाजूचा अर्थ नव्याने येणाऱ्याला सांगावा लागतो.

---

गिरणगावकर

मंडळी, मी वयाने तुमच्यापेक्षा मोठा असेन. वडील परळच्या गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, होते. प्रतीकांबद्दल मला फारसं कळत नाही, पण छपराबद्दल सांगतो.

गिरणीचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असायचं. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला. उत्तरेचा उजेड थंड आणि सारखा. ऊन सरळ मागावर पडलं तर डोळे दिपतात, सावल्या हलतात, तुटलेला धागा दिसत नाही. धागा वेळेत दिसला नाही तर कापडात खोट जाते आणि ती विणकराच्या पगारातून. छपराची ती ओळ रस्त्यावरून दिसली की आत माग चालू आहेत हे शाळकरी पोराला कळायचं. कोणी प्रतीक म्हणून ते बांधलं नव्हतं, पण आमच्यासाठी त्याहून मोठं प्रतीक कुठलं?

१९८२ च्या संपानंतर काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे आणि धुराडं राखलं आहे. राखलं हे चांगलंच. पण मला विचाराल तर छप्पर राखायला हवं होतं. धुराडं मालकाच्या वाफेचं, छप्पर विणकराच्या डोळ्यांचं.

---

इसारकाठ

काका, तुमच्या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. नमस्कार.

आतापर्यंतचं सगळं वाचून माझं म्हणणं मी जरा पुढे नेते. मी धाग्यात 'कृती' म्हटलं होतं. मेहसाणा, डॉमिनस आणि गिरणीचं छप्पर बघता त्याच्या आधी 'गरज' येते. सुताला उजेड, दुधाला उतार, वाइनला गारवा. कारागीर ज्या गोष्टीशी रोज झगडतो ती वास्तुविशारदाने समजून घेतली की प्रतीक शोधत बसावं लागत नाही. चार सिलिंडर त्या मानाने कार्यालय आहे, तिथे इंजिन बनत नाही, म्हणून तिथे पद्धत उतरली. दोन्ही खरंच, पण कारखान्याच्या इमारती या बाबतीत कार्यालयांपेक्षा नशीबवान.

---

अंतिमवर्ष

सर्वांना नमस्कार. मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रबंधाचा विषय इचलकरंजीत यंत्रमागाचं प्रशिक्षण केंद्र. माझ्या पहिल्या आराखड्यात दर्शनी भिंतीला ताणा-बाण्याची विटांची जाळी आहे आणि छत शटलच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या, आकाराचं. हा धागा वाचून झोप उडाली आहे. रेघोट्या सर, गिरणगावकर काका, सुरुवात कुठून करू? करवती छप्पर उत्तरेला तोंड करून दिलं तर योग्य होईल ना?

---

रेघोट्या

विटांची जाळी लगेच पुसू नका. ती वारा आणि आवाजाचं काही काम करत असेल तर राहू द्या. शटलचं छत मात्र का हवं हे स्वतःला विचारा.

करवती छपराबद्दल सावध. ही पद्धत मँचेस्टरकडून आली, तिथे दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. इचलकरंजी साधारण पावणेसतरा अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तेव्हापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो. पावसाळी ढग पुष्कळ वाचवतात, पण मे महिना कोण झाकणार? काचेवर छोटा छज्जा काढा किंवा काच किंचित आत घ्या. मॉडेल करा, मेमधली दुपार घालून सावली तपासा. मँचेस्टरचं छप्पर इचलकरंजीच्या सूर्यासाठी दुरुस्त करणं हाच तुमचा प्रबंध होऊ शकतो.

---

मागवाला

अंतिमवर्ष, इचलकरंजीचाच आहे, घरचे माग आहेत. तुम्हाला तीन गोष्टी सांगतो ज्या बाहेरच्याला सुचत नाहीत.

पहिली आर्द्रता. सुती धागा कोरड्या हवेत तटातट तुटतो. शेडमध्ये ७५ ते ८५ टक्के ओल लागते. म्हणजे खिडक्या सताड उघड्या ठेवून चालत नाही आणि बंद ठेवल्या तर माणूस उकडतो. याचं चांगलं उत्तर अजून आमच्याकडेही नाही. तुम्ही काढलंत तर गाव तुम्हाला डोक्यावर घेईल.

दुसरी आवाज. शटलचे माग चालू असले की ९० डेसिबलच्या वरच. शिकवायची खोली मागांच्या शेजारी ठेवली तर मास्तरांचं एक अक्षर ऐकू येणार नाही. पण फार लांब ठेवली तर पोरं माग बघणार कधी? मध्ये काचेची दुहेरी भिंत असावी असं मला वाटतं.

तिसरी तंतू, म्हणजे उडणारा कापूस. सपाट कडा दिसली की तिथे थर बसतो आणि तो आगीला निमंत्रण. तुमच्या विटांच्या जाळीत आठवड्यात किती साचेल याचा विचार करा. जाळी पाहिजेच असेल तर ती शेडच्या भिंतीला नको, व्हरांड्याला द्या.

इकडे या. सकाळी पाळी बदलते तेव्हा आलात तर माग थांबलेले दिसतील, सांधणी बघता येईल आणि बोलताही येईल. दुपारी या, म्हणजे ओल आणि उकाडा अंगावर घेता येईल. दोन्ही वेळा वेगळ्या आहेत, एकीवर भागवू नका.

---

अंतिमवर्ष

मागवाला दादा, दोन्ही वेळांना येते. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. येताना आर्द्रता आणि आवाज मोजायची यंत्रं कॉलेजातून घेऊन येते, शेडमध्ये दिवसभर ठेवू द्याल का? रेघोट्या सर, छज्ज्याचं मॉडेल झालं की सावल्यांची चित्रं इथेच टाकेन.

---

मागवाला

ठेवा की. फक्त जमिनीवर ठेवू नका, मागाच्या थरथरीने आकडे हलतील. तुळईला टांगायची सोय करून ठेवतो.